आधी घर, मग मैदान

श्री. फिलिप रिव्हर्स,
फेअरहोप, अलाबामा



डिसेंबर २०२५ पासून तुम्हाला जो तो एकच प्रश्न विचारतो आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी, जवळजवळ पाच वर्षांच्या खंडानंतर, आजोबा झाल्यावर, परत मैदानात का उतरलात? मला मात्र तुमच्याशी जानेवारी २०२० बद्दल बोलायचं आहे.

त्या महिन्यात तुम्ही अडतीस वर्षांचे होता. अमेरिकन फुटबॉलमधल्या चार्जर्स संघाबरोबरचा करार संपत आला होता. नुकताच सरलेला मोसम वाईट गेला होता: संघाचे पाच विजय आणि अकरा पराभव, तुमच्या हातून २३ टचडाउन (गुण मिळवून देणारे पास) आणि २० इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यांनी मध्येच झेललेले पास). पुढे कोण बोलावणार, कुणी बोलावणार की नाही, याचा काहीच पत्ता नव्हता. अशा वेळी तुम्ही आणि तुमच्या पत्नी टिफनी यांनी सॅन डिएगोतलं बिऱ्हाड आवरलंत आणि नऊ मुलांना घेऊन कायमचं राहायला फ्लोरिडात गेलात. पुढचा संघ कोणता हे ठरायच्या आधी राहायचं कुठे हे ठरवून मोकळे झालात. तुमच्या साऱ्या कारकिर्दीतला सर्वांत धाडसी निर्णय मी त्याला मानते, आणि नवल असं की त्याबद्दल तुम्हाला फारसं कुणी विचारत नाही.

मी सॅन डिएगोत राहणारी एक मराठी बाई आहे. नाशिकहून इथे आले तेव्हा तुमचा खेळ मला अजिबात कळत नव्हता. मुलं शाळेतून शिकून आली, त्यांनी मला शिकवला, आणि तुम्ही चार्जर्सचे पहिल्या पसंतीचे क्वार्टरबॅक झालात त्या सुमारास मला त्याची गोडी लागली. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण माझ्या भाषेतल्या वाचकांनीही ते वाचावं अशी माझी इच्छा आहे. त्यांच्यासाठी थोडं थांबून सांगायला हवं.

अमेरिकन फुटबॉलमध्ये संघाचा जवळपास प्रत्येक डाव क्वार्टरबॅकच्या हातातून सुरू होतो. समोरच्या अकरा जणांची मांडणी बघून आपल्या दहा जणांना डाव बदलून सांगायचा, चेंडू हातात आला की दोन-तीन सेकंदांत कोण मोकळा आहे हे ओळखायचं, आणि शंभर-सव्वाशे किलोची माणसं अंगावर धावून येत असताना न डगमगता चेंडू फेकायचा. क्रिकेटमधला कर्णधार आणि सलामीचा फलंदाज एकाच माणसात, आणि तोही प्रत्येक चेंडूला, असं म्हटलं तर कल्पना येईल. वय वाढतं तसा खांदा थकतो, पाय जड होतात. डोळा आणि स्मरण मात्र तयार होत जातात. म्हणून या जागेवरचा माणूस अडतीस-चाळीसपर्यंत टिकू शकतो, आणि म्हणूनच त्याला थांबायचं कधी हे ठरवणं इतकं अवघड जातं. डोकं म्हणत असतं, आत्ता कुठे खेळ कळायला लागला. शरीराचं म्हणणं वेगळं असतं.

आता पुन्हा तुमच्याकडे वळते.

२००४ साली महाविद्यालयीन खेळाडूंच्या निवडीत चार्जर्सचा पहिला क्रमांक होता. एली मॅनिंगने आपल्याला चार्जर्सकडे जायचं नाही असं आधीच कळवलं होतं. चार्जर्सने तरी त्यालाच निवडलं, न्यूयॉर्क जायंट्सने चौथ्या क्रमांकावर तुम्हाला घेतलं, आणि तासाभरात अदलाबदल झाली. दुसऱ्याने नाकारलेल्या जागी तुम्ही आलात. आल्यावर दोन वर्षं तेव्हाचा क्वार्टरबॅक ड्रू ब्रीज याच्या मागे बाकावर बसलात. २००५ च्या शेवटच्या सामन्यात ब्रीजचा खांदा निखळला, तो न्यू ऑर्लिन्सला गेला, आणि सप्टेंबर २००६ पासून डिसेंबर २०१९ पर्यंत चार्जर्सचा एकही साखळी सामना तुमच्याविना सुरू झाला नाही. सलग २२४ सामने. या लीगमध्ये दर आठवड्याला कुणाचं ना कुणाचं हाड मोडतं, तिथला हा आकडा आहे.

त्या काळात इथल्या मराठी घरांमध्येही तुमचं वेळापत्रक पाळलं जायचं. गणपतीतल्या रविवारच्या कार्यक्रमाची वेळ ठरवताना चार्जर्सचा घरचा सामना आहे का हे आधी बघायचं, कारण मिशन व्हॅलीतल्या स्टेडियमजवळचे दोन्ही महामार्ग त्या दिवशी तुंबलेले असायचे. आमच्या घरी कुणी शिवी दिली की मुलं म्हणायची, रिव्हर्स देत नाही. तुम्ही मैदानावर अखंड बडबडत असायचा, विरोधी खेळाडूंना डिवचायचा, पंचांशी हुज्जत घालायचा, पण तोंडातून अपशब्द कधी निघायचा नाही. त्या खेळात ही गोष्ट केवढी दुर्मीळ आहे हे मला फार उशिरा कळलं.

२० जानेवारी २००८ चा फॉक्सबरोचा सामना मला अजून लख्ख आठवतो. आदल्या आठवड्यात इंडियानापोलिसला तुमच्या गुडघ्यातला एसीएल नावाचा बंध फाटला होता. त्याच आठवड्यात दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, आणि सहा दिवसांनी तुम्ही त्या मोसमात एकदाही न हरलेल्या न्यू इंग्लंडसमोर पूर्ण सामना खेळलात. २१-१२ ने हरलात. तिथून सुपर बोल, म्हणजे मोसमाची अंतिम लढत, एका सामन्यावर होता. त्यानंतर इतक्या जवळ तुम्ही कधीच गेला नाहीत.

मग १२ जानेवारी २०१७ उजाडला. चार्जर्सच्या मालकांनी संघ लॉस एंजेलिसला नेत असल्याचं जाहीर केलं. १९६१ पासून इथे असलेला संघ गेला. त्याआधीच्या नोव्हेंबरमध्ये नव्या स्टेडियमसाठी हॉटेलांवरचा कर वाढवण्याचा प्रस्ताव शहरापुढे मतदानाला आला होता आणि लोकांनी तो फेटाळला होता. मीही विरोधात मत दिलं होतं, आजही देईन. खासगी मालकाच्या धंद्यासाठी गावाने खिसा रिकामा करावा आणि नाही म्हटलं तर त्याने गावच सोडावं, हा व्यवहार मला कधी पटला नाही. त्या दिवशी माणसं चार्जर्सच्या कचेरीसमोर जाऊन आपले सदरे टाकून आली. कुणी जाळले. आमच्या मुलाने १७ क्रमांकाचा सदरा कपाटात ठेवला, कारण त्याच्या मते तो सदरा संघाचा नव्हता, तुमचा होता.

तुम्ही तेव्हा जे केलंत ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. संघ गेला, पण तुम्ही घर हलवलं नाहीत. मुलांच्या शाळा, शेजार, चर्च सगळं इथे होतं. सरावाचं मैदान कोस्टा मेसाला, म्हणजे इथून सुमारे ८० मैलांवर. कॅलिफोर्नियाच्या त्या महामार्गावर सकाळी निघणं म्हणजे काय हे इथे नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. तुम्ही एक मोठी गाडी घेतलीत, मागच्या भागात पडदा बसवून घेतलात, चालक ठेवलात, आणि जाता-येता विरोधी संघांचे सामने बघत बसायचात. संघ सॅन डिएगोत असताना घरी ज्या वेळी पोचत होतात, साधारण त्याच वेळी संध्याकाळी घरी पोचायचं आणि तयारीतही काही कमी पडू द्यायची नाही, असा तुमचा हिशेब होता. तीन मोसम तुम्ही हे केलंत. संघातल्या कुणी आडकाठी केली नाही हेही खरं. तुमच्यासारख्या खेळाडूला ती मोकळीक मिळते, नवख्याला मिळाली नसती.

मी हे इतकं तपशिलाने लिहिते याला कारण आहे. इथे आलेली आम्ही मराठी माणसं बहुतेक नोकरीच्या मागे घर नेणारी आहोत. पुण्याची कंपनी म्हणाली अमेरिका, आम्ही अमेरिकेला आलो. इथली कंपनी म्हणाली टेक्सास, आमचे मित्र टेक्सासला गेले. मुलांच्या शाळा बदलल्या, आईवडील लांब राहिले, आणि हे सगळं आम्ही मुलांसाठीच करतो आहोत असं एकमेकांना सांगत राहिलो. त्यात खोटं काही नाही. पण क्रम नेहमी तोच: आधी काम कुठे ते बघायचं, मग घर त्याच्या मागून न्यायचं. तुम्हाला बघितल्यावर हा क्रम उलटाही असू शकतो हे पहिल्यांदा समोर दिसलं. उलटा क्रम ठेवून माणूस कामात कमी पडत नाही, हेही दिसलं, कारण २०१८ मध्ये त्या रोजच्या ये-जा करणाऱ्या क्वार्टरबॅकच्या जोरावर चार्जर्सने बारा सामने जिंकले होते.

म्हणून जानेवारी २०२० मध्ये तुम्ही सॅन डिएगो सोडलं तेव्हा आम्हाला वाईट वाटलं, पण राग आला नाही. तुम्ही संघासाठी शहर सोडत नव्हता. तो संघ तर कधीचाच गेला होता. तुम्ही आणि टिफनी मूळचे अलाबामाचे, शाळेपासून एकमेकांना ओळखणारे. तुमचे वडील स्टीव्ह रिव्हर्स अलाबामात शाळेतले फुटबॉल प्रशिक्षक. त्यांच्या शाळकरी दिवसांतला १७ क्रमांक तुम्ही जन्मभर पाठीवर घेऊन फिरलात. फ्लोरिडाचा तो पट्टा तुमच्या माणसांच्या जवळचा होता. तुम्ही परत घराकडे निघाला होता, एवढंच. खेळायचं असेल तर खेळू, पण कुठेही खेळलो तरी मोसम संपल्यावर परत तिथेच जायचं, हे तुम्ही आधी नक्की केलंत. फेब्रुवारीत चार्जर्सने जाहीर केलं की तुम्ही पुढे त्यांच्यासाठी खेळणार नाही. मार्चमध्ये तुम्ही इंडियानापोलिस कोल्ट्सबरोबर एका वर्षाचा, अडीच कोटी डॉलरचा करार केलात.

कुणी म्हणेल, वीस कोटी डॉलरहून अधिक कमावलेल्या माणसाला असं धाडस परवडतं. पैशाने बरंच काही सोपं होतं, हे मला मान्य आहे. ८० मैल गाडीत मागे बसून जाणं आणि गाडी स्वतः चालवत जाणं यांत फरक आहे. पण तुमच्याइतकाच, किंवा तुमच्याहून अधिक पैसा असलेल्या इतर क्वार्टरबॅकनी काय केलं ते बघितलं की नुसत्या पैशाने हे स्पष्ट होत नाही. ब्रेट फार्व्ह २००८ च्या मार्चमध्ये रडत निवृत्त झाला, त्याच उन्हाळ्यात परतला, न्यूयॉर्कला गेला, तिथून मिनेसोटाला. पेटन मॅनिंगला मानेच्या शस्त्रक्रियांनंतर कोल्ट्सने सोडलं आणि त्याने डेन्व्हरला जाऊन सुपर बोल जिंकून दाखवला. टॉम ब्रेडी तुमच्याच त्या मार्च महिन्यात न्यू इंग्लंड सोडून टॅम्पाला गेला आणि पुढच्या फेब्रुवारीत त्यानेही जिंकून दाखवला. या सगळ्यांबद्दल मला आदर आहे. पण त्यांच्यापुढचा प्रश्न एकच होता: अजून जिंकता येईल असा संघ कोणता? घर त्या उत्तराच्या मागून गेलं.

आमच्या शहराने याहून जुना एक दाखला पाहिला आहे. तो मी त्या वेळी इथे नव्हते म्हणून ऐकून आणि वाचून जाणते. जॉनी युनिटास. बाल्टिमोर कोल्ट्समध्ये सतरा मोसम, त्या काळातला सर्वांत मोठा क्वार्टरबॅक. १९७३ मध्ये बाल्टिमोरने त्याला आमच्या चार्जर्सना विकलं. तो चाळीस वर्षांचा होता, खांदा संपलेला होता. काही सामने खेळला, मार खाल्ला, आणि त्याची जागा डॅन फाउट्स नावाच्या पहिल्याच वर्षाच्या पोराने घेतली. पुढच्या उन्हाळ्यात सराव शिबिरातच युनिटास थांबला. त्याचे फोटो बघितले की जीव कळवळतो: चार्जर्सचा फिकट निळा सदरा, चेहरा बाल्टिमोरचा. या गोष्टीचा पुढचा भाग तुम्हाला लागू होतो. १९८४ च्या मार्चमध्ये एका रात्रीत ट्रक भरून बाल्टिमोरचे कोल्ट्स इंडियानापोलिसला हलवले गेले. बाल्टिमोरने सकाळी उठून पाहिलं तर संघ नव्हता. युनिटासने मरेपर्यंत इंडियानापोलिसच्या कोल्ट्सशी आपलं काही नातं मानलं नाही. आपण बाल्टिमोरचे, एवढंच तो सांगत राहिला. ज्या संघाने तुम्हाला २०२० मध्ये बोलावलं, तो संघच मुळी असा रातोरात गाव सोडून आलेला. मालक संघ हलवतात, संघ खेळाडू हलवतात, आणि शेवटी खेळाडूने आपलं बिऱ्हाड उचलायचं. या साखळीत कुठेतरी एक माणूस थांबतो आणि म्हणतो, माझं घर मी ठरवतो. ते तुम्ही केलंत.

कोल्ट्सकडचं ते एक वर्ष चांगलं गेलं. प्रशिक्षक फ्रँक राइक तुम्हाला चार्जर्समधल्या दिवसांपासून ओळखत होते, त्यांचे डाव तुमच्या अंगवळणी होते. महामारीने सगळ्या लीगचा सराव कोलमडला असताना ही ओळख कामी आली. अकरा विजय, पाच पराभव, आणि बाद फेरीत बफेलोकडून २७-२४ ने हार. २० जानेवारी २०२१ ला तुम्ही निवृत्ती जाहीर केलीत. तो संत सेबास्टियनचा दिवस, खेळाडूंचा संत. फॉक्सबरोच्या त्या सामन्यालाही त्याच दिवशी तेरा वर्षं झाली होती. तुम्ही त्या क्षणी इतिहासात सर्वाधिक यार्ड आणि सर्वाधिक टचडाउन फेकणाऱ्यांत पाचवे होता: ६३,४४० यार्ड, ४२१ टचडाउन.

पण याहून मला महत्त्वाची वाटते ती मे २०२० मधली गोष्ट. कोल्ट्ससाठी एकही सामना खेळण्याआधी फेअरहोपच्या सेंट मायकल कॅथलिक हायस्कूलने जाहीर केलं की निवृत्तीनंतर तुम्ही त्यांचे फुटबॉल प्रशिक्षक होणार. अडीच कोटी डॉलरच्या वर्षाच्या आधीच तुम्ही मोबाइल बेच्या काठावरच्या एका छोट्या शाळेतलं पुढचं काम पक्कं करून ठेवलंत. ती शाळाही त्या वेळी अवघी काही वर्षांची होती. मोठ्या लीगमधून बाहेर पडलेली बहुतेक माणसं आधी दूरदर्शनच्या खुर्चीकडे बघतात. तुम्ही वडिलांच्या पेशाकडे बघितलंत. २०२१ पासून तुम्ही तिथे मुलांना शिकवत आहात, तुमचा मुलगा गनर तुमच्याच हाताखाली क्वार्टरबॅक झाला, आणि शुक्रवारच्या रात्री तुम्ही शाळेच्या मैदानाच्या कडेला उभे असता. अलाबामात शुक्रवारच्या रात्री शाळेच्या सामन्यांना किती महत्त्व असतं हे मी ऐकून आहे. तिथे प्रशिक्षकाला रस्त्यावरची माणसं नावाने हाक मारतात.

आता डिसेंबर २०२५ कडे येते. कोल्ट्सचा मोसम दृष्ट लागावी असा सुरू झाला होता, पहिल्या दहा सामन्यांत आठ विजय. मग घसरण लागली आणि ७ डिसेंबरला त्यांचा क्वार्टरबॅक डॅनियल जोन्स याच्या टाचेमागची स्नायुदोरी तुटली. संघाचे प्रशिक्षक शेन स्टायकन हेही चार्जर्समधले तुमचे जुने सहकारी. त्यांनी फोन केला. तुम्ही अजूनही शाळेतल्या मुलांना त्याच घराण्याचे डाव शिकवत होता, म्हणून आठवडाभरात उभे राहू शकलात. १४ डिसेंबरला सिॲटलमध्ये, त्या वर्षीच्या सर्वांत कडक बचावफळींपैकी एकीसमोर, तुम्ही २७ पैकी १८ पास पोचवलेत, एक टचडाउन फेकलंत. शेवटच्या मिनिटात कोल्ट्स १६-१५ ने पुढे होते. काही सेकंद उरले असताना सिॲटलच्या लांब किकने सामना १८-१६ ने गेला. पुढच्या आठवड्यात सॅन फ्रान्सिस्कोकडून ४८-२७, त्यानंतर जॅक्सनव्हिलकडून २३-१७. तीन सामने, तीन पराभव. शेवटचा सामना एका तरुणाकडे गेला आणि संघ आठ विजय, नऊ पराभवांवर थांबला.

बऱ्याच जणांनी लिहिलं की हे कशाला केलं. फुटबॉलच्या कीर्तिमंदिरासाठीच्या उपांत्य यादीत तुमचं नाव आलेलं होतं. मैदानात उतरल्यामुळे निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबण्याची अट पुन्हा पहिल्यापासून मोजली जाणार. तीन पराभवांसाठी ते घालवलं, असा सूर होता. सिॲटलच्या सामन्यानंतर पत्रकारांशी बोलताना तुमचा गळा दाटून आला. आपल्या मुलांना आणि शाळेतल्या संघाला, काय होईल या भीतीने मागे हटू नये, हे दिसावं, अशा अर्थाचं तुम्ही बोललात. मला त्यात काही नाट्य वाटलं नाही. तुम्ही शुक्रवारी मुलांना जे सांगता ते रविवारी स्वतः करून दाखवण्याची संधी आली आणि तुम्ही ती घेतलीत.

आणि तुम्ही ती घेऊ शकलात, कारण घराचा प्रश्न जानेवारी २०२० मध्येच मिटला होता. हीच गोष्ट मला या पत्रात सांगायची आहे. त्या डिसेंबरमध्ये तुम्हाला इंडियानापोलिसमध्ये नवं आयुष्य उभारायचं नव्हतं. हरलात तरी परत कुठे जायचं ते ठरलेलं होतं. शाळा होती, मुलं होती, शुक्रवारची रात्र होती. ज्याला परतायचं ठिकाण पक्कं माहीत आहे तो चव्वेचाळिसाव्या वर्षी नव्या पोरांच्या बचावफळीसमोर उभा राहू शकतो. सॅन डिएगोतल्या युनिटासच्या चेहऱ्यावर मला तो निवांतपणा दिसत नाही.

तुमच्या हाती सुपर बोलची अंगठी नाही, हे दर मुलाखतीत कुणीतरी काढतं. तुमच्याबरोबर निवडले गेलेल्या एली मॅनिंग आणि बेन रॉथलिसबर्गर यांच्याकडे प्रत्येकी दोन आहेत. बाद फेरीत तुमचे विजय पाच, पराभव सात. मला ते दुःख खोटं ठरवायचं नाही. जानेवारी २००८ मधला गुडघा विसरण्यासारखा नाही, आणि तुम्हालाही ते लागलं असणार. पण अंगठीच्या मागे शेवटची दोन-तीन वर्षं इकडून तिकडे फिरण्याची वाट तुमच्यापुढे मोकळी होती. ती तुम्ही डोळ्यांनी पाहिलीत आणि घेतली नाहीत. तो निर्णय तुमच्या आकड्यांइतकाच मोजला जावा असं मला वाटतं.

यातूनच माझी एक विनंती आहे. प्रत्येक मार्चमध्ये सदतीस-अडतीस-चाळीस वर्षांचा एखादा क्वार्टरबॅक त्याच ठिकाणी उभा असतो जिथे तुम्ही होता. त्याच्याशी बोलायला एजंट असतात, दूरदर्शनवर चार जण कोणता संघ बरा यावर वाद घालत असतात, आणि त्याच्या बायकोला कुणी काही विचारत नाही. तुम्ही बोला. सिॲटलच्या सामन्याबद्दल नाही, त्याबद्दल तुमचं बोलून झालं आहे. तुम्ही आणि टिफनी जेवणाच्या टेबलाशी बसून सॅन डिएगो सोडायचं कसं ठरवलंत, इथेच वाढलेल्या मुलांची समजूत कशी काढलीत, कुणाची शाळा मध्येच तुटली, करार मिळालाच नसता तर काय करणार होता, हे सांगा. मोठ्या मुलांना काय गमवावं लागलं तेही सांगा, कारण नऊ मुलांना एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर नेताना रडारड झाली नसेल असं मी मानत नाही. मोठ्या लीगमधल्या प्रशिक्षकपदासाठीही तुमचं नाव घेतलं गेलं आहे. असं पद घ्यावं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवाल. पण ते ठरवताना तुम्ही आधी काय विचारता आणि मग काय, हे ऐकायला फक्त खेळाडूच नाहीत, आमच्यासारखी नोकरीच्या मागे देश ओलांडणारी माणसंही बसली आहेत.

आणखी एक, ते माझं एकटीचं नाही, या गावाचं आहे. जुलै २०२५ मध्ये तुम्ही चार्जर्सचा खेळाडू म्हणून औपचारिक निवृत्ती घेतलीत, पण तो समारंभ लॉस एंजेलिसजवळच्या एल सेगुंडोला झाला. सॅन डिएगोत तुमचा शेवटचा सामना १ जानेवारी २०१७ ला झाला, तेव्हा तो शेवटचा आहे हे कुणी जाहीर केलेलं नव्हतं. आम्हाला उभं राहून टाळ्या वाजवायला मिळाल्या नाहीत. ते जुनं स्टेडियम पाडलं गेलं. मिशन व्हॅलीत त्याच आवारात आता विद्यापीठाचं नवं स्टेडियम आहे आणि आजूबाजूच्या शाळांमधून अजूनही मुलं फुटबॉल खेळतात. तुम्हाला सवड होईल तेव्हा एका शनिवारी या. भाषण, मानपत्र काही नको. इथल्या शाळांमधली क्वार्टरबॅक पोरं तुमच्या हवाली करू, तास-दोन तास त्यांना शिकवा, पाय कसे ठेवायचे ते दाखवा. आम्ही पालक कडेला उभे राहू. टिफनी आणि मुलांनाही घेऊन या; नऊ काय, दहाही जणांची सोय होईल, आणि जेवण आमच्या घरांमधून येईल.



आपली,
सॅन डिएगोतली एक मराठी प्रेक्षक